दुपारपाळीचा चार्ज

शहराला पाणी पुरवणाऱ्या त्या पंपघरात तिला सगळे काटेबाई म्हणत. आडनावाशी त्याचा काही संबंध नव्हता. दाबमापकाच्या काट्यावर तिची नजर सदा खिळलेली असे, म्हणून ते नाव पडलं होतं. चहा पिता पिता, गप्पा मारता मारता, एखाद्या मदतनिसाला झापतानासुद्धा तिचा एक डोळा काट्यावर असायचा. "नवऱ्याशी भांडतानाही हिचा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर असणार," असं पंपघरातले लोक म्हणत. शिवणकाम करणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो मशीन न थांबवता म्हणाला, "एक नव्हे, दोन्ही डोळे. माझं ऐकतंय कोण?"

ती अंगाने लहानखुरी होती. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पान्यांशी खेळतच ती मोठी झाली. आईला वाटायचं, मुलगी शिक्षिका व्हावी. मुलीने यंत्रांचा अभ्यासक्रम केला, सरकारी परीक्षा दिली आणि पंपचालक म्हणून तिची निवड झाली. रुजू व्हायला गेली त्या दिवशी कारकुनाने बाईचा आवाज ऐकला आणि तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "ज्याची नेमणूक झालीय त्याला आत पाठवा, नातेवाइकांनी बाहेर थांबा," म्हणाला. "मीच माझी नातेवाईक आहे," असं सांगून तिने कागद पुढे केले.

पंपघर जमिनीखाली होतं. जिना उतरून खाली गेलं की तेलाचा वास यायचा, पायाखालची फरशी थरथरायची आणि रांगेत बसवलेले चार मोठे पंप दिसायचे. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचंच. तिला काम शिकवलं ते फोरमनकाकांनी. त्यांनी तिचा हात धरून पंपाच्या बेअरिंगवर ठेवला होता. "हाताला सोसतंय तोवर सगळं ठीक. सोसेना झालं की समजायचं, पंप आजारी आहे. काटा पाच मिनिटं उशिरा सांगेल, हात लगेच सांगतो." काका दिवसपाळीचे प्रमुख होते. शिव्या मोकळेपणाने द्यायचे, पण शिकवताना काही राखून ठेवत नसत.

पाळी बदलायची त्या पंपघराची एक रीत होती. जाणारा प्रमुख आणि येणारा प्रमुख, दोघांनी मिळून चारही पंपांभोवती फेरी मारायची. प्रत्येक बेअरिंगवर दोघांनी हात ठेवायचा. शेवटी स्विचांच्या फळ्यापाशी उभं राहून जाणाऱ्याने म्हणायचं, "चार्ज दिला." येणाऱ्याने म्हणायचं, "घेतला." ते एकदा म्हटलं की पुढच्या आठ तासांत पंप जळो, पाइप फुटो, नाहीतर अर्ध्या शहराचे नळ कोरडे पडोत, जबाबदारी त्या "घेतला" म्हणणाऱ्याची. घेणारा मग वहीत सही करायचा. पाळीला नेमलेला प्रमुख नसेल तर नियमाप्रमाणे त्या पाळीतल्या ज्येष्ठ पंपचालकाने चार्ज घ्यायचा.

दुपारपाळीला नेमलेला प्रमुख नव्हता आणि ज्येष्ठ पंपचालक काटेबाईच होती. पण ती शिकाऊ म्हणून आली त्या दिवशी काकांनी चार्ज तिच्या शेजारच्या माणसाला दिला होता. त्या दिवशी ते बरोबरच होतं. तो माणूस बदलून गेला, त्याच्या जागी दुसरा आला, दुसऱ्याच्या जागी तिसरा. काटेबाई शिकाऊची पक्की झाली, मग ज्येष्ठ झाली. चार्ज मात्र तिच्या डोक्यावरून शेजारच्या पुरुषाकडे जातच राहिला, मग तो साधा मदतनीस का असेना. अलीकडे तो जायचा लंबूकडे. लंबू चांगलाच उंच होता, स्वभावाने गरीब होता आणि पंपांना मनातून घाबरायचा. चार्ज तो घ्यायचा, सही तो करायचा आणि पाळी काटेबाई चालवायची.

एवढी वर्षं तिला त्यात काही खटकलं नाही, असं नव्हे. पण काम तर आपणच करतोय ना, मग तोंडाने कोण काय म्हणतो याला कुठे धरून बसायचं, असं तिला वाटत आलं होतं. ते वाटणं संपलं पाळीप्रमुखाच्या जागा निघाल्या तेव्हा. पहिल्या खेपेला तिच्याहून कनिष्ठ असलेला एक जण वर गेला. दुसऱ्या खेपेला गेला तो छोटू, ज्याला पंप सुरू करण्याआधी त्यात पाणी भरून घ्यायचं असतं हेही तिनेच शिकवलं होतं. छोटू रजेवरच्या प्रमुखांची पाळी सांभाळणारा पाळीप्रमुख झाला आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून तिला हाक मारून म्हणाला, "बाई, तीन नंबर आवाज करतोय, जरा बघता का?"

ती बघून आली. हात पुसले आणि साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांना लोक मागे 'होपण' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक उत्तर "हो, पण" ने सुरू व्हायचं. माणूस दुष्ट नव्हता. कुणाच्या रजेला अडवायचा नाही, आजाऱ्याची चौकशी करायचा. "साहेब, ज्येष्ठतेने माझा नंबर होता," काटेबाई म्हणाली.

"हो, पण पाळीप्रमुखाला स्वतंत्र चार्जचा अनुभव लागतो, बाई. तुम्ही कधी चार्ज घेतलेला नाही."

"मला कधी दिला?"

"हो, पण ते आता मागचं झालं."

तिने भेदभावाची तक्रार दिली. तक्रार मुख्य कार्यालयात गेली आणि तिथून नियमानुसार अभिप्रायासाठी खाली आली. खाली म्हणजे कुठे, तर होपण साहेबांच्याच टेबलावर. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर साहेबांनी असा सुरेख अभिप्राय लिहिला की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसावर अन्याय झालाय. काही महिन्यांनी उत्तर आलं. विभागात भेदभाव आढळून येत नाही. अर्जदारास स्वतंत्र चार्जचा अनुभव नसल्याने त्या पदोन्नतीस पात्र ठरत नाहीत.

काटेबाईने ते उत्तर घरी ओट्यापाशी उभ्याने वाचलं आणि हसायलाच लागली.

"काय झालं गं?" सासूने विचारलं.

"मला ताट वाढलं नाही, आई. आणि आता म्हणतायत, हिला भूकच नाही."

वर अपील करता येत होतं. पण ते शेवटचं. अपील फेटाळलं गेलं की प्रकरण कायमचं बंद, आणि मग नोकरीची उरलेली सगळी वर्षं छोटूच्या हाताखाली, त्याच्या हाका ऐकत. शिवाय पगारवाढीपेक्षाही तिला एक गोष्ट बोचत होती. कागदावर लिहून झालं होतं की तिला पाळी सांभाळता येत नाही. ते तसंच राहू द्यायचं का, एवढाच प्रश्न होता.

अपील दाखल झाल्याची बातमी पोचली तशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. खुर्ची दिली. चहा मागवला. खुर्ची आणि चहा दोन्ही एकदम आल्यावर ती सावध झाली.

"बाई, तुम्हाला आवक-जावक शाखेत घेतो. पगार पाळीप्रमुखाचाच पडेल, ते मी बघतो. वर पंखा आहे, खिडकी आहे. आवाज नाही, जिना नाही, रात्रपाळी नाही. अपील तेवढं मागे घ्या."

"आणि पंपघर?"

"कशाला आता त्या आवाजात कान किटवून घेता? मी तुम्हाला बहिणीसारखं मानतो, म्हणून सांगतो."

"साहेब, तुम्ही मला पंपचालक माना. बहिणीला बढती देता येत नाही."

साहेबांनी चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. "हो, पण विचार करा."

तिने विचार केला. घरी सांगितलंही. नवरा कापडावर खडूने रेघ ओढत होता, तो थांबला. "अगं, बस की खुर्चीवर. गुडघे बघ तुझे. पैसा तोच मिळतोय. जिंकलीसच असं समज ना."

"जिंकले तर तसं लिहून यायला नको का?"

"लिहून काय भिंतीवर लावायचंय?"

कोपऱ्यात बटणं निवडत बसलेली सासू मध्ये पडली. "खुर्चीवर बसून हिच्या कानांना आराम मिळेल रे. पण हिचं तोंड? दिवसभर गप्प बसून संध्याकाळी ते घरी येईल. तुला झेपेल का ऐकायला?"

नवरा हसला. सासू हसली नाही. तिने उभी हयात एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात काढली होती. "आमच्या इथं मुकादमाची जागा निघायची, आणि बाहेरून कुणीतरी यायचा," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. आता वाटतं, निदान विचारायचं तरी होतं. नाही म्हणाले असते, तर त्यांच्या तोंडून तरी ऐकलं असतं." आणि पुन्हा बटणं निवडू लागली.

नवऱ्याने खडू खाली ठेवला. "बरं. सुनावणीला घालायला तुझा निळा कोट नीट करून देतो. कोपर विरलंय त्याचं."

सुनावणी मुख्य कार्यालयातल्या एका लांबट खोलीत झाली. समितीत दोघं होती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. त्यांना सर्दी झाली होती आणि ते गोळ्या चघळत होते. शेजारी लेखा विभागातल्या एक बाई, सदस्य म्हणून. समोर एका बाजूला होपण साहेब फायलींचा गठ्ठा घेऊन, आणि दुसऱ्या बाजूला निळ्या कोटातली काटेबाई.

साहेब चांगलं बोलले. विभाग महिला कर्मचाऱ्यांची किती काळजी घेतो, रात्रपाळीतून त्यांना कशी सवलत दिली आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. अध्यक्षांनी एक गोळी संपवली, दुसरी तोंडात टाकली आणि विचारलं, "हा चार्ज म्हणजे नक्की काय प्रकार आहे? मला पंपातलं काही कळत नाही."

काटेबाईने फेरीपासून सगळं सांगितलं.

"नियमाने तो कोणी घ्यायचा?" अध्यक्षांनी साहेबांना विचारलं.

"ज्येष्ठ पंपचालकाने. हो, पण दुपारपाळीत मदतनिसाने घ्यायची पद्धत पडली."

"का पडली?"

"पद्धतच आहे ती, सर. कुणी मुद्दाम पाडलेली नाही. आणि आता तर मी स्पष्ट सूचना दिल्या आहेत. चार्ज बाईंनाच दिला जातो. तक्रारीचं कारणच उरलेलं नाही."

अध्यक्षांनी काटेबाईकडे पाहिलं. "खरं आहे?"

"सूचना दिलीय, हे खरं आहे, सर," ती म्हणाली. "बाकीचं तुम्ही येऊन बघा. दुपारी पाळी बदलताना या."

"न कळवता यावं लागेल," लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या. "कळवून आलो तर सगळे शहाण्यासारखे वागतील."

"कळवूनच या, मॅडम. दिवस सांगा, वेळ सांगा. हवं तर साहेबांना तालीम घेऊ द्या."

साहेब चमकले. अध्यक्षांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि तारीख दिली.

साहेबांनी खरोखरच तालीम घेतली. कठडे रंगवले, जिन्यावरचा दिवा बदलला. फोरमनकाकांना तर दोनदा बोलावून बजावलं, "चार्ज बाईंना. लक्षात ठेवा, बाईंना." काका वैतागले. पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला जिन्यात गाठलं. "पोरी, मी काय वेडा आहे? तुलाच देणार चार्ज. पण मग तुझ्या अपिलाचं काय? मी नीट वागलो की तूच तोंडघशी पडशील."

"काका, तुम्ही नीटच वागा. माझी काळजी करू नका."

"म्हणजे तू म्हणतेस मी चुकणार?"

"मी काहीच म्हणत नाही. बेअरिंग बघा, रोज बघता तसं."

पाळी बदलायच्या वेळेला समिती खाली उतरली. अध्यक्षांनी कानात कापूस घातला होता. फेरी सुरू झाली. काका पुढे, काटेबाई बरोबरीने, मागे लंबू, त्याच्या मागे साहेब आणि समिती. पहिल्या पंपावर दोघांनी हात ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यापाशी काका जरा जास्त वेळ थांबले. तो बरेच दिवस त्रास देत होता. त्यांनी वाकून कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या, तिला काही सांगितलं, तिने मान हलवली. चौथा ठीक होता. काकांच्या डोक्यात तिसऱ्याचाच आवाज घोळत असावा. ते फळ्यापाशी आले, खिशातलं फडकं काढून हात पुसले, मान वर केली आणि काटेबाईच्या डोक्यावरून म्हणाले, "चार्ज दिला रे."

"घेतला, काका," लंबू म्हणाला.

म्हणाला आणि जीभ चावली. काकांचं फडकं हातातच राहिलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. पंप चालूच होते.  काटेबाईची नजर काट्यावर होती.

अध्यक्षांनी एका कानातला कापूस काढला आणि लंबूजवळ गेले. "आपण आत्ता काय घेतलंत?"

"चार्ज, साहेब."

"आपलं पद?"

"मदतनीस."

"समजा, आता या क्षणी वीज गेली. चारही पंप बंद पडले. चार्ज आपल्याकडे आहे. आपण काय कराल?"

लंबूने एकवार साहेबांकडे पाहिलं, एकवार काकांकडे. पण तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "ताईंना हाक मारीन, साहेब."

लेखा विभागातल्या बाईंनी तोंड फिरवून रुमालात हसून घेतलं. होपण साहेब पुढे झाले. "हो, पण सर, तो उंच आहे ना. बाई लहानखुऱ्या. बोलणाऱ्याची नजर साहजिकच आधी त्याच्यावर जाते. यात भेदभाव कसला?"

"मग बढतीच्या अटींत उंची घाला, साहेब," अध्यक्ष म्हणाले. "निदान लोकांना आधी कळेल तरी." आणि कापूस पुन्हा कानात घालून जिना चढू लागले.

सगळे गेल्यावर काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. काटेबाई शेजारी येऊन उभी राहिली. तिची पाळी सुरू झाली होती, तिला बसायची सोय नव्हती.

"आठवडाभर घोकलं होतं गं," काका म्हणाले. "सकाळी दाढी करतानाही म्हटलं, चार्ज दिला बाई, चार्ज दिला बाई. बायको म्हणाली, कुठल्या बाईला काय देताय?"

तिला हसू आवरेना. काकांना मात्र हसू आलं नाही. "तुला ठाऊक होतं मी चुकणार."

"तुमच्या मनात नव्हतं तेही ठाऊक होतं, काका. इतकी वर्षं रोज बघतेय मी. तुम्ही फेरी माझ्याबरोबर मारता, पंपाचं दुखणं मला सांगता आणि शेवटचा शब्द तेवढा दुसऱ्याला देता. तुमच्यावर राग असता तर तक्रारीत तुमचंच नाव घातलं असतं."

"घालायला हवं होतंस," काका म्हणाले. मग उठले, घसा खाकरला आणि राहिलेलं वाक्य तिला म्हणायला सरळ उभे राहिले. पण ती आधीच तीन नंबरकडे निघाली होती. त्याचा आवाज तिला आवडत नव्हता.

निकाल यायला बराच काळ गेला. त्या काळात साहेब तिच्याशी अतिशय अदबीने वागले, आणि काटेबाई रोजच्यासारखी वागली. घरी नवरा दर दोन दिवसांनी विचारायचा, "आलं का काही?" आणि सासू त्याला म्हणायची, "आलं की तिचं तोंड सांगेल. तू टाके घाल."

निकाल आला तो थोडक्यातच होता. अर्जदारास चार्ज न देणे आणि नंतर चार्जचा अनुभव नाही म्हणून तिला वगळणे, हा भेदभाव आहे. पहिल्या खेपेस कनिष्ठ कर्मचारी ज्या तारखेला पाळीप्रमुख झाला त्या तारखेपासून अर्जदारास पाळीप्रमुख मानावे. तिची नेमणूक पंपघरातच करावी. तिला मागची ज्येष्ठता मिळाल्याने छोटूची जागा आपोआप तिच्या खाली आली. त्याची बढती कुणी काढून घेतली नाही. फक्त त्याला स्वतःची पाळी मिळेपर्यंत दुपारपाळीत तिच्या हाताखाली काम करायचं होतं.

साहेबांनी आदेशाची प्रत स्वतः तिच्या हातात दिली. "अभिनंदन, बाई. हो, पण आता रात्रपाळीसुद्धा लागेल बरं का. सवलत नाही."

"नकोच होती ती, साहेब."

घरी नवऱ्याने आदेश दोनदा वाचला. भिंतीवर लावला नाही, पण शिवणयंत्राच्या खणात, मोजमापाच्या फितीशेजारी नीट घडी करून ठेवला. सासूने आपल्यालाही वाचून दाखवायला लावला. "भेदभाव आहे" हे वाक्य आल्यावर म्हणाली, "तेवढं परत वाच."

पाळीप्रमुख म्हणून पहिल्या दिवशी काटेबाई नेहमीसारखीच जिना उतरली. फेरी झाली, चार्ज घेऊन झाला. वहीत सही करून ती वळली, तर छोटू समोर उभा. काय करावं ते न कळून हाताची बोटं मोडत होता.

"बाई, म्हणजे आता मी तुमच्या हाताखाली?"

"आधी कुणाच्या हाताखाली होतास?"

छोटू ओशाळला. "जागा मी मागितली नव्हती, बाई. त्यांनी दिली, मी घेतली. तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

काटेबाईने फळ्याकडे पाहिलं, मग चार पंपांकडे. दोन नंबरच्या फिरत्या दांड्यापाशी पाण्याची बारीक धार जमिनीवर उतरत होती.

"दोन नंबर गळतोय," ती म्हणाली. "पाना घे आणि आवळून ये आधी. अगदी गच्च नको, दांडा तापेल; थोडं ठिबकलं पाहिजे. रागाचं नंतर बघू."

छोटू पाना घ्यायला धावला.